प्रायॉन रोग : प्रयोगशाळेतील संशोधन

शरीराच्याच एका प्रथिनाची घडी बिघडल्याने होणारे, मेंदूची अक्षरशः चाळण करणारे आणि हमखास जीवघेणे ठरणारे रोग. मेंढ्यांमधील स्क्रेपी, गाईंचा ‘मॅड काऊ’, पापुआ न्यू गिनीतील कुरू आणि माणसाचा क्रॉइट्झफेल्ट-याकोब रोग (सीजेडी) हे सारे एकाच कुळातले. अशा बिघडलेल्या, संसर्गजन्य प्रथिनासाठी ‘प्रायॉन’ हा शब्द स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये वापरात आणला.

मूळ प्रथिन, पीआरपी (प्रायॉन प्रथिन), प्रत्येकाच्या चेतापेशींवर असतेच. बिघडलेल्या रूपात त्याचे रेणू सपाट होऊन एकावर एक रचले जातात, तंतू बनतो आणि त्याचे टोक पुढच्या निरोगी रेणूला आपले वळण लावते. अमिनो आम्लांचा क्रम दोन्ही रूपांत तोच. म्हणून शरीराला ते परके वाटत नाही : ना ताप, ना प्रतिपिंडे. दोन रूपे वेगळी ओळखण्याची जुनी युक्ती म्हणजे प्रोटीनेज-के हे प्रथिने पचवणारे विकर (एन्झाइम). निरोगी पीआरपी ते पार पचवते. बिघडलेल्याचा २७–३० किलोडाल्टनचा (किलोडाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) गाभा उरतो.

साचलेले तंतूच पेशी मारतात, हा समज सोपा पण अपुरा आहे. चार्ल्स वाइसमान यांच्या झ्युरिकमधील गटाने १९९३ मध्ये पीआरपीचे जनुक काढलेल्या उंदरांच्या मेंदूत स्क्रेपी टोचली. उंदीर आजारी पडले नाहीत. १९९६ मध्ये अशाच उंदरांच्या मेंदूत पीआरपी असलेल्या ऊतीचे कलम करून त्याला संसर्ग दिला. कलम सडले. प्रायॉन आजूबाजूला पसरले, तरी तिथल्या पेशी शाबूत राहिल्या. २००३ मध्ये लंडनच्या गटाने संसर्ग झालेल्या उंदरांच्या चेतापेशींतील पीआरपीची निर्मिती मध्येच बंद केली, तर मेंदूतील सुरुवातीची भोके भरून आली; चेतापेशींबाहेरचा बिघडलेल्या प्रथिनाचा साठा मात्र वाढतच होता. म्हणजे इजा होते ती पेशीत रूपांतर चालू असताना. २०१२ च्या प्रयोगांनी एक दुवा दाखवला : बिघडलेले प्रथिन साठले की पेशी धोक्याचा इशारा समजून प्रथिननिर्मितीच थांबवते, चेतासंधींना (चेतापेशींमधील जोडांना) लागणारी प्रथिने संपतात आणि मग पेशी मरते.

हेच रूपांतर निदानासाठी वापरतात, ते आरटी-क्विक चाचणीत. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये जिवाणूंत तयार केलेले पीआरपी (मिलिलिटरला सुमारे ०.१ मिलिग्रॅम), मीठ आणि थायोफ्लेविन-टी हा रंग घेतात, त्यात रुग्णाच्या मणक्यातून काढलेले पाणी १५–२० मायक्रोलिटर मिसळतात. ४२ किंवा, सुधारित पद्धतीत, ५५ अंश सेल्सिअसला प्लेट मिनिटभर हलवतात, मिनिटभर थांबवतात. हलवल्याने तंतू तुटतात व वाढणारी टोके वाढतात. तंतू बनला की रंग चमकतो. साधारणपणे नमुन्याला चार खाचा ठेवतात. किमान दोन चमकल्या तर निष्कर्ष होकारार्थी. चुकते ते बहुधा दोन ठिकाणी. पाणी रक्ताळलेले असेल तर क्रिया दबते आणि रोग असूनही खाच अंधारी राहते. उलट, साठवणीत गुठळ्या झालेले पीआरपी कशाविनाही आपोआप चमकते; म्हणून ते वापरण्याआधी १०० किलोडाल्टनच्या चाळणीतून काढावे लागते.

निर्जंतुकीकरणाचे नेहमीचे नियम इथे उपयोगी नाहीत. फॉर्मॅलिनने प्रायॉन मरत नाही, उलट टिकाऊ होतो. त्यामुळे मेंदूचे तुकडे तासभर तीव्र फॉर्मिक आम्लात ठेवतात. अवजारांसाठी १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड किंवा २०,००० पीपीएम क्लोरीन, तासभर. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचे यंत्र) १३४ अंशांवर १८ मिनिटे. रक्त वाळू देणे ही सर्वांत वाईट चूक, कारण पोलादावर वाळलेले प्रथिन सहजी निघत नाही. फ्रान्समध्ये २०१० साली संसर्गित उंदराच्या मेंदूचे तुकडे हाताळताना चिमट्याचे टोक दोन हातमोज्यांतून एका तंत्रज्ञाच्या अंगठ्यात घुसले. साडेसात वर्षांनी सीजेडीची लक्षणे दिसली, २०१९ मध्ये मृत्यू झाला. २०२१ मध्ये तिथल्या पाच सार्वजनिक संस्थांनी प्रायॉनवरील काम तीन महिन्यांसाठी थांबवण्याचे जाहीर केले.