स्मायबर्ट, जॉन

(२४ मार्च १६८८ – २ एप्रिल १७५१). वसाहतकालीन बॉस्टनमध्ये स्थायिक झालेला स्कॉटिश व्यक्तिचित्रकार. जन्म एडिंबरो येथे. वडील लोकर रंगवणारे रंगारी. घरे रंगवणाऱ्या व गिलावा करणाऱ्या कारागिराकडे त्याने सात वर्षे उमेदवारी केली. पुढे लंडनमध्ये घोडागाड्या रंगवून आणि जुन्या चित्रांच्या नकला करून त्याने पोट भरले. १७१९ ते १७२२ या काळात इटलीत थोर चित्रकारांच्या कृतींवरून केलेल्या प्रती त्याने जन्मभर जवळ बाळगल्या.

जॉर्ज बर्कली हा तत्त्वज्ञ बर्म्यूडात महाविद्यालय काढणार होता आणि स्मायबर्ट तेथे चित्रकला शिकवणार होता. जानेवारी १७२९ मध्ये मंडळी ऱ्होड आयलंड वसाहतीतल्या न्यूपोर्ट बंदरात उतरली, पण महाविद्यालयासाठी ब्रिटिश पार्लमेंटने मंजूर केलेले २०,००० पौंड कधीच हाती आले नाहीत. बर्कली १७३१ मध्ये परतला. स्मायबर्ट मात्र १७२९ मध्येच बॉस्टनला गेला होता. इटलीत शिकलेला चित्रकार गावात दुसरा नव्हता, त्यामुळे न्यायाधीश आणि व्यापारी त्याच्याकडे येऊ लागले. १७३० मध्ये त्याने मेरी विल्यम्स हिच्याशी लग्न केले.

हिशेबाच्या वहीत तो तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, चित्राचे माप आणि किंमत लिहून ठेवी. १७४६ पर्यंत अमेरिकेत केलेल्या सुमारे २४० चित्रांची नोंद तिच्यात आहे. मापे इंग्लंडमधल्या रिवाजाप्रमाणे ठरलेली असत. छातीपर्यंतच्या चित्राला ३० × २५ इंच आणि गुडघ्यापर्यंतच्या चित्राला ५० × ४० इंच कॅनव्हास लागे. माप वाढले की हात, कपडे आणि मागचा देखावा यांचे काम वाढे, म्हणून किंमतही वाढे. चेहरा समोर बसवूनच काढावा लागे. अंगाची ठेवण आणि वस्त्रांच्या चुण्या मात्र अनेकदा लंडनहून आलेल्या मेझोटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या, छायाप्रकाशाच्या) छापचित्रांवरून घेतल्या जात. त्यामुळे त्या काळच्या चित्रांत दोन अनोळखी बायका एकाच ढबीने बसलेल्या दिसतात. चेहऱ्यांवर मात्र स्मायबर्टची नजर पक्की होती. विगांचा कट्टर विरोधक असलेल्या वृद्ध न्यायाधीश सॅम्युएल सूअलला त्याने १७२९ मध्ये स्वतःच्या पांढऱ्या केसांनिशी रंगवले.

रंग, ब्रश, कॅनव्हास सारे लंडनहून जहाजाने येई. खललेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधलेला असे. पिशवीला टोचून रंग पिळायचा आणि भोक खिळ्याने बुजवायचे. बूच सैल राहिले की आतल्या रंगावर साय धरून तो वाया जाई. त्या काळच्या चित्रांतले गाल आज पांढुरके दिसतात, त्याचे एक कारण तांबडा ‘लेक’ रंग उजेडाने उडतो. हिंगूळ आणि शिशाचा सफेदा मागे राहतात. (‘लेक’ हा शब्द आपल्या लाखेवरूनच गेला आहे.)

नुसत्या ब्रशावर घर चालेना. मॅसॅच्युसेट्सच्या कागदी नोटांचा भाव घसरत होता आणि लंडनच्या मालाचे पैसे स्टर्लिंगमध्ये, म्हणजे ब्रिटिश चलनात, भरावे लागत. १७३४ मध्ये त्याने क्वीन स्ट्रीटवर दुकान थाटले. तेथे सुके आणि तेलात घोटलेले रंग, ब्रश, पंख्यांचे कागद आणि छापचित्रे मिळत. बॉस्टनमधील फॅनिल हॉल या बाजार व सभागृहाच्या इमारतीचा १७४२ मधला मूळ आराखडाही त्याचाच.

‘द बर्म्यूडा ग्रुप’ हे त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम. बर्कली, त्याचे कुटुंबीय आणि सोबती अशा आठ व्यक्ती तुर्की गालिचा पसरलेल्या मेजाभोवती मांडल्या आहेत. अगदी डाव्या कडेला कागदाची गुंडाळी घेतलेला चित्रकार स्वतः आहे. एवढी माणसे एकमेकांत गुंतवून रंगवण्याचे हे काम वसाहतीत नवे होते. रॉबर्ट फीक या चित्रकाराने १७४१ मध्ये आयझॅक रॉयल याच्या कुटुंबाच्या चित्रासाठी हीच मांडणी उचलली. ‘द बर्म्यूडा ग्रुप’ येल विद्यापीठात आहे.

पुढे डोळे अधू झाल्याने त्याचे काम मंदावले. त्याच्या पश्चात दुकान भाच्याने चालवले आणि चित्रशाळेतल्या वस्तू जागच्या जागी राहिल्या. वसाहतीत इटालियन चित्रे पाहायची दुसरी सोय जवळपास नव्हती. पुढच्या पिढीतला अमेरिकन चित्रकार कॉप्ली तेथे प्रती पाहून शिकला, १७६५ मध्ये चित्रकार पील येऊन गेला आणि १७७८ मध्ये चित्रकार ट्रंबलने तीच खोली भाड्याने घेतली, तेव्हा फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइकने काढलेल्या कार्डिनल बेंतिवोलिओच्या व्यक्तिचित्राची प्रत तिथेच होती.