पाणी ठेक्याने, काठ भाडेपट्ट्याने

धरणाकाठी रिसॉर्ट आलं की मच्छीमाराचं पाणी जात नाही, पाण्यापर्यंतची वाट जाते. पुणे जिल्ह्यात रिसॉर्टवाले आणि मच्छीमार यांच्यात जो वाद आहे, त्याचं मूळ दोन वेगळ्या कागदांत आहे. तलावातली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थेला ठेक्याने मिळते. काठाची संपादित जमीन मात्र पाटबंधारे खात्याची. ठेक्यात होडी कुठे ओढायची, जाळं कुठे वाळवायचं, याचा हक्क नसतो.

भोई, म्हणजे पारंपरिक मासेमारी करणारा समाज, मूळचे नदीवरचे. धरणं झाली तसे ते तलावावर आले. 1980 मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं, साठा सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट). जमीन बुडालेल्या काही शेतकऱ्यांनीही मग जाळं धरलं. मुळशीच्या धरणाविरुद्धचा 1921 चा सत्याग्रह जमिनीसाठी होता. मासे कोणाचे, हा त्याचा मुद्दा नव्हता.

काठ म्हणजे एक रेघ नव्हे. उजनी 496.83 मीटरला भरतं आणि उपयुक्त साठा 491.03 ला संपतो. उजनीकाठच्या भिगवणच्या सपाट भागात या पावणेसहा मीटरच्या उतारात पाणी उन्हाळ्यात खूप लांब सरकतं आणि होडीची जागाही त्यामागे सरकते. म्हणून ‘एक घाट बांधून देतो’ ही तडजोड ऐकायला बरी, पण मे महिन्यात तो घाट चिखलात उभा असतो. गाळपेर पट्टा, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीन, कुंपणात गेला की सगळंच अडतं.

दुसरी अडचण वेळेची. उभं जाळं संध्याकाळी उथळ पाण्यात लावतात, पहाटे उचलतात. स्पीडबोटीही संध्याकाळीच फिरतात. जाळ्याला बांधलेले थर्माकोलचे तरंगते तुकडे उन्हं कलल्यावर दिसत नाहीत. बोटीच्या पंख्यात जाळ्याचं नायलॉन गुंतलं की जाळं फाटतं आणि भरपाई बोटवालाच मागतो. भराव घातला की पिल्लं वाढण्याची उथळ जागाही जाते. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, विकत आणून सोडावी लागते. तो खर्च संस्थेचा.

काठ भाडेपट्ट्याने देण्याचं मोठं उदाहरण पुण्याजवळच्या वरसगाव धरणाचं. 2002 मध्ये कृष्णा खोरे महामंडळाने तिथली सुमारे 141 हेक्टर जमीन लवासा या खासगी शहर प्रकल्पाला दिली. 2010 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला नोटीस काढली, ती पर्यावरण परवानगीवरून. पवना धरणाच्या काठी तर आता तंबूंची रांगच आहे.

समुद्रकाठच्या कोळ्यांना 1991 पासून सीआरझेडचा, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांचा, निदान आधार आहे. धरणाला तो लागू नाही. 2006 चा वनहक्क कायदा जंगलातल्या जलाशयांतले मासे सामुदायिक हक्कात मोजतो, त्यामुळे कातकरी आदिवासींना दावा करता येतो. भोयांसारख्या बिगर-आदिवासींना मात्र वनक्षेत्रातलं 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. वरसगावचं धरणच तेवढं जुनं नाही.