हालश्टाट : सरोवराकाठची बारमाही सुटी

हालश्टाट हे अपर ऑस्ट्रिया राज्यातील, हालश्टाट सरोवराच्या नैर्ऋत्य काठावर डोंगराला चिकटून वसलेले गाव. साल्झकामरगुट या सरोवरांच्या मुलखात ते येते. लोकसंख्या आठशेच्या आत. सरोवर समुद्रसपाटीपासून सु. ५०८ मी. उंचीवर असून त्याची कमाल खोली सु. १२५ मी. आहे. दक्षिणेला डाखश्टाइनचे डोंगर (सर्वोच्च शिखर २,९९५ मी.) उभे असल्याने हिवाळ्यात गावात ऊन फार थोडे येते. १९९७ मध्ये हा सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

गाव इथे वसले ते मिठामुळे. वरच्या खाणीत प्रागैतिहासिक काळापासून मीठ काढले जात आहे. मिठात टिकून राहिलेला एक लाकडी जिना इ.स.पू. १३४४ च्या सुमारास तोडलेल्या झाडांचा असल्याचे खोडांच्या वलयांवरून सिद्ध झाले आहे. खाणीतील अधिकारी योहान गेओर्ग राम्साउअर याला १८४६ मध्ये तेथे प्राचीन दफनभूमी सापडली. १८६३ पर्यंत त्याने सु. ९८० कबरी उकरून त्यांच्या नोंदी ठेवल्या. युरोपातील आद्य लोहयुगीन संस्कृतीला (इ.स.पू. सु. ८०० ते ४५०) या गावाचे नाव मिळाले ते यामुळे. खाणीतले खारे पाणी एबेनझे या गावी, ते आटवून मीठ करणाऱ्या भट्ट्यांपर्यंत नेण्यासाठी १५९५ ते १६०७ या काळात सु. १३,००० झाडांची खोडे पोखरून सु. ४० किमी. लांबीची नळवाहिनी टाकण्यात आली. आज तिच्याकडेने पायवाट आहे. गावातला सर्वांत चांगला फेरफटका हाच, आणि तो फुकट आहे.

मिठाची कधी वाण पडली नाही; वाण होती ती जागेची. डोंगर आणि पाणी यांमधल्या अरुंद पट्टीत घरे एकावर एक चढली. काठावरच्या एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर होडीने, नाहीतर माळ्यांमधून काढलेल्या वरच्या वाटेने. दफनभूमीही तेवढीच आखूड. जुनी कबर नव्या मृतासाठी मोकळी करावी लागे, म्हणून अस्थी बाहेर काढून कवट्यांवर नाव आणि पानाफुलांची नक्षी रंगवण्याची रीत पडली. सेंट मायकेल चॅपेलच्या अस्थिगृहात सु. १,२०० कवट्या आहेत, त्यांपैकी सहाशेहून अधिक रंगवलेल्या. शेवटची १९९५ मध्ये ठेवली गेली. पर्यटक हा भाग भयकथेसारखा पाहतात. प्रत्यक्षात तो टंचाईवर काढलेला नीटस तोडगा आहे.

१८७७ मध्ये रेल्वे आली, तीही समोरच्या काठाला. पश्चिम काठाने खडक फोडून रस्ता झाला १८९० मध्ये, आणि मोटारींची वाहतूक डोंगरातल्या बोगद्यात गेली १९६६ मध्ये. जवळच्या बाड इश्ल येथे ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योझेफ दर उन्हाळ्यात मुक्कामाला असे. त्याच्यामागे दरबारी, कलावंत आणि व्हिएन्नाचे सधन लोक या मुलखात येऊ लागले. ते आठवडेच्या आठवडे राहत. आजचा पाहुणा बहुधा साल्झबर्ग आणि व्हिएन्ना यांच्यामध्ये दोन तास थांबतो. गर्दीबद्दलच्या गावाच्या तक्रारीचे मूळ इथे आहे.

गर्दीच्या दिवशी दहा हजारांपर्यंत माणसे येतात. २०२० पासून पर्यटक बसना आगाऊ वेळ ठरवून घ्यावी लागते. २०२३ च्या मे महिन्यात, छायाचित्रांसाठी झुंबड उडते त्या जागी लाकडी भिंत उभारण्यात आली. टीका झाल्यावर ती काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रहिवाशांनी निदर्शने केली. चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात २०१२ मध्ये गावाची प्रतिकृतीच उभी राहिली, पण तिच्यामुळे मूळ गावाची गर्दी घटली नाही, उलट नाव आणखी पसरले.

एरवीचे वर्ष ऋतूंप्रमाणे चालते. महाराष्ट्रातील शाळांच्या सुटीत, म्हणजे मे महिन्यात, खाली झाडे फुललेली असतात. वरच्या पायवाटांवर मात्र बर्फ शिल्लक असतो. ईस्टरनंतर साठाव्या दिवशी, गुरुवारी, कॅथलिकांचा कॉर्पस क्रिस्टी सण येतो. त्या दिवशी सजवलेल्या लाकडी होड्यांमधून सरोवरावर मिरवणूक निघते. ही प्रथा १६२३ पासूनची. हवा बिघडली तर होड्या निघत नाहीत. जुलै–ऑगस्ट हा पोहण्याचा काळ असला तरी पाणी गारच, आणि पाऊसही याच दिवसांत भरपूर; छत्री विसरू नये. पावसाच्या दिवशी खाण हा चांगला पर्याय, पण आत बारा महिने तापमान सु. ८ अंश सेल्सिअस असते, म्हणून स्वेटर हवाच.

चालणाऱ्यांसाठी सप्टेंबर आणि ऑक्टोबर सर्वांत उत्तम. सकाळी सरोवरावर धुके, दुपारी स्वच्छ ऊन. एखर्न दरीतले धबधबे आणि पलीकडच्या ओबरट्राउनवरची बर्फाची प्रचंड गुहा या दिवसांत पाहता येते. नोव्हेंबरात मात्र अनेक खानावळी आणि निवासगृहे बंद असतात, देखभालीसाठी ओबरट्राउनचा रज्जुमार्गही थांबतो. हिवाळ्यात याच रज्जुमार्गाने क्रिपनश्टाइन डोंगरावर जाऊन स्की करता येते. तेथे बर्फ मुबलक पडतो. ५ जानेवारीच्या संध्याकाळी एबेनझेत पांढरे कपडे घातलेले लोक कागदाच्या, आतून उजळलेल्या मोठ्या टोप्या डोक्यावर घेऊन धावतात.

राहायचे असेल तर मुक्काम गावातच करावा. संध्याकाळी बस निघून गेल्यावर आणि सकाळी त्या येण्यापूर्वी हा काठ निवांत असतो. ओबरट्राउनला खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात. रेल्वेने येणाऱ्याला स्थानकाखालच्या धक्क्यावरून नावेने पलीकडे जावे लागते. नाव गाड्यांच्या वेळा धरून सुटते, पण रात्री चालत नाही. उशिराची गाडी घेणाऱ्याने ओबरट्राउनला उतरून टॅक्सी आधीच सांगून ठेवावी.