घाईच्या डेटाला आवर

दहा हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरशी बोलायचं तर काचेच्या तंतूतून प्रकाशालाही जाऊन-येऊन साधारण १०० मिलिसेकंद लागतात. प्रकाशाला पळवता येत नाही. फेऱ्या तेवढ्या कमी करता येतात. ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं कूटबद्ध करणारा प्रोटोकॉल म्हणजे टीएलएस. त्याच्या १.२ आवृत्तीत कूटबद्ध जोडणी पहिल्यांदा उभी करायला सहसा दोन फेऱ्या लागत. ऑगस्ट २०१८ मध्ये ठरलेल्या टीएलएस १.३ ने त्यांची एक केली आणि जुन्या ओळखीच्या सर्व्हरसाठी तीही थांबायला नको अशी सोय ठेवली. मागच्या भेटीत मिळालेलं सेशन तिकीट, म्हणजे ओळखीची खूण (जास्तीत जास्त ७ दिवस चालणारं), ब्राउझर जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी हँडशेकच्या, म्हणजे जोडणी जुळवण्याच्या बोलण्याच्या, पहिल्या संदेशामागोमाग विनंतीही धाडून देतो. हाच अर्ली डेटा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसला प्रकार.

गोम अशी, की या विनंतीच्या किल्लीत सर्व्हरने त्या क्षणी दिलेलं ताजं असं काहीच नसतं. वाटेत बसलेल्या चोराला लिफाफा फोडता येत नाही, पण त्याची हुबेहूब नक्कल करून तो पुन्हा टाकता येतो. पान मागणारी विनंती दोनदा पोचली तर बिघडत नाही. पैसे पाठवणारी पोचली तर?

निवाडा मागच्या अ‍ॅप्लिकेशनने करायचा, पण त्याला यातलं काही दिसतच नाही. टीएलएस संपतं पुढे उभ्या असलेल्या प्रॉक्सीवर, म्हणजे विनंत्या घेऊन मागे पोचवणाऱ्या मधल्या सर्व्हरवर. म्हणून सप्टेंबर २०१८ च्या आरएफसी ८४७० या इंटरनेट मानकाने प्रॉक्सीवर एक काम टाकलं: हँडशेक पुरा होण्याआधी विनंती पुढे ढकलायची असेल, तर तिच्यावर ‘अर्ली-डेटा: १’ असा हेडर, म्हणजे विनंतीसोबतची चिठ्ठी, लावायचा. अ‍ॅप्लिकेशनला धोका वाटला तर ते ४२५, म्हणजे ‘फार लवकर आलात’, असं उत्तर देतं आणि ब्राउझर हँडशेक झाल्यावर तीच विनंती पुन्हा पाठवतो. एचएप्रॉक्सी हे प्रॉक्सी-सॉफ्टवेअर हा हेडर आपणहून लावतं. एनजिनएक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र त्यासाठीची ओळ कॉन्फिगरेशनमध्ये आपण लिहावी लागते. अर्ली डेटा चालू करून ही ओळ विसरणं मला तरी सरळ धोक्याचं वाटतं.

प्रॉक्सीत ही सोय नीट बसवताना खरी डोकेदुखी एका बिटाची, म्हणजे एका हो-नाहीची, आहे: हँडशेक पुरा झाला की नाही? ओपनएसएसएल आणि बोरिंगएसएसएल या टीएलएसच्या दोन लायब्ररी. ओपनएसएसएल अर्ली डेटा वाचायला वेगळं फंक्शन देतं. बोरिंगएसएसएल तो नेहमीच्याच वाचनातून हाती ठेवतं आणि ‘हँडशेक झाला’ असंही आधीच सांगून मोकळं होतं. खरी स्थिती वेगळी विचारावी लागते. एकीसाठी लिहिलेला कोड दुसरीवर तसाच चालवला, तर ‘अर्ली-डेटा’ची खूण एक तर फार लवकर पुसली जाते किंवा पुसलीच जात नाही. पहिल्या चुकीत संरक्षण गळतं, दुसरीत पुन्हा आलेल्या विनंतीलाही ४२५ च मिळत राहतो.

हा दोष लपण्यातही वस्ताद. प्रोग्रामरच्या मशीनवर क्लायंट आणि प्रॉक्सी शेजारीशेजारी असतात, हँडशेक डोळ्याचं पातं लवायच्या आत आटपतो आणि सगळं ठीक दिसतं. म्हणून चाचणी करताना क्लायंटचा शेवटचा हँडशेक संदेश मुद्दाम अडवून धरायचा आणि तेवढ्या वेळात प्रॉक्सी मागे काय पाठवतो ते पाहायचं.