स्टिअरिंग सोडायला हात का धजत नाहीत?

अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१५ मध्ये चालकांचे मत आजमावले. दोन गाड्यांच्या मधल्या जागेत आपली गाडी व्यवस्थित लावता येते, असे जवळपास ८० टक्के चालकांनी सांगितले. पण हेच काम गाडीतल्या स्वयंचलित पार्किंग यंत्रणेवर सोपवायला चारांपैकी एकच तयार होता.

संघटनेने पाच मॉडेलांची चाचणीही घेतली. नुसता मागचा कॅमेरा पाहून गाडी लावणाऱ्यांच्या तुलनेत स्वयंचलित यंत्रणेची चाके फुटपाथच्या कडेला ८१ टक्के कमी वेळा आपटली, गाडी ४७ टक्के कमी वेळा पुढे-मागे करावी लागली आणि वेळही १० टक्के कमी लागला. मात्र काही गाड्या कडेपासून जेमतेम अर्ध्या इंचावर उभ्या राहिल्या. सहा ते आठ इंच, म्हणजे वितीहून थोडे कमी अंतर हवे. नाहीतर रिम आणि टायरची बाजू खरवडते.

चालकांना धास्ती वाटते ती आपोआप गरगर फिरणाऱ्या स्टिअरिंगची. वास्तविक तो भाग भरवशाचा आहे. पॉवर स्टिअरिंगची विजेवर चालणारी मोटर संगणकाने सांगितलेल्या कोनात चाके अचूक वळवते. काळजी करायला हवी ती गाडीला काय ‘दिसते’ याची.

बंपरवर रुपयाच्या नाण्याएवढ्या गोल चकत्या असतात. पुढच्या-मागच्या बंपरवर आणि कोपऱ्यांवर मिळून साधारण १२. त्या आपल्याला ऐकू न येणारा, सुमारे ४० ते ५० किलोहर्ट्झचा आवाज सोडतात आणि प्रतिध्वनीची वाट पाहतात. वस्तू एक मीटरवर असेल तर तो सुमारे सहा मिलिसेकंदांत परततो. बटण दाबून तुम्ही उभ्या गाड्यांच्या रांगेला समांतर, एक मीटरभर अंतर राखून हळू पुढे जाता. शेजारी गाडी असेल तर प्रतिध्वनी लवकर येतो, मोकळी जागा असेल तर उशिरा. ती मोकळी जागा किती लांब, हे चाकांच्या फेऱ्यांवरून मोजले जाते. म्हणून मूळ मापाऐवजी मोठे टायर बसवले की हिशेब चुकू शकतो. गाडीच्या लांबीपेक्षा साधारण ८० सेंटिमीटर ते एक मीटर जास्त जागा लागते, ४.३ मीटरच्या गाडीला सव्वापाच मीटर धरा.

आता फसगत कुठे होते ते पाहू. बारीक खांब, साखळी, तारेची जाळी यांच्यावरून आवाज पुरेसा परतत नाही. बुटका दगड आवाजाच्या झोताच्या खाली राहतो. टेम्पोतून काचेच्या उंचीवर बाहेर आलेल्या सळया झोताच्या वर राहतात, आणि आपल्याकडे हे दृश्य रोजचे. तिरक्या लावलेल्या दुचाकींच्या रांगेवरून प्रतिध्वनी विखुरतो, त्यामुळे जागेची हद्द नीट कळत नाही. फुटपाथची कड बुटकी असली की बऱ्याच यंत्रणा पुढच्या-मागच्या गाड्यांनाच प्रमाण मानतात. पुढच्याने दोन चाके फुटपाथवर चढवली असतील, तर तुमचीही गाडी तिकडेच वळते. अशा जागी बटण दाबूच नये.

भारतात २०२० मध्ये आलेल्या एमजी ग्लॉस्टरमध्ये ही सोय होती. २०२४ च्या अखेरीस महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या चाकणला बनणाऱ्या विजेच्या गाड्यांच्या वरच्या व्हेरिएंटमध्येही ती आणली. काही यंत्रणा ब्रेक आणि गिअरही सांभाळतात, काही फक्त स्टिअरिंग. आपली कोणती, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच सुरुवात करा. फक्त स्टिअरिंगवाली असेल तर ब्रेक पूर्णपणे तुमच्या पायात असतो. स्टिअरिंग फिरत असताना बोटे आऱ्यांत घालू नयेत. ओढणी, बांगडीही दूर ठेवावी. काही खटकले की ब्रेक दाबा आणि स्टिअरिंग घट्ट धरा, यंत्रणा तिथेच ताबा सोडते.

पहिले प्रयोग सोसायटीच्या मोकळ्या आवारात, सहा मीटरची ऐसपैस जागा पाहून करा. दर वेळी खाली उतरून चाकापासून कडेचे अंतर पाहा. आठ-दहा खेपांत आपली गाडी किती अंतर राखते याचा अंदाज येतो. पावसाळ्यात चकत्यांवर चिखल वाळला की यंत्रणा अंतर चुकीचे सांगते किंवा बंदच पडते. ओल्या मऊ फडक्याने पुसा, प्रेशर वॉशरचा फवारा अगदी जवळून मारू नका. आणि बंपर रंगवायला टाकलात तर चकत्यांवर पुट्टी किंवा रंगाचे जाड थर चढवू नका, असे पेंटरला आधीच बजावा. चकतीची पातळ पडदी थरथरली तरच आवाज निघतो, आणि जाड थराखाली ती थरथर दबते.