२१ गिअरची सायकल आणि त्यातले खरे तेरा

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, डबल सस्पेन्शन, डिस्क ब्रेक, २१ गिअर, सगळं मिळून बारा हजार! घेऊन टाकू ना?" रोज कोथरूडहून कॉलेजला जायचं आणि रविवारी वेताळ टेकडी चढवायची, असा त्याचा बेत. म्हटलं थांब, आधी दाते मोज.

गिअर म्हणजे पुढच्या चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, बास. पुढे ४२ आणि मागे १४ असतील तर पायडल एकदा फिरवलं की चाक तीनदा फिरतं. पुढे २४, मागे २८ असेल तर एक फेराही पुरा होत नाही, ०.८६ च. आता १० टक्के चढ घ्या, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की १० मीटर वर. माणूस ७०, सायकल १५ किलो. ४२/१४ वर पायाला सरासरी ५० किलोचा जोर द्यावा लागतो, २४/२८ वर जेमतेम १५ चा. जादू नाहीये, जोर कमी लागला तेवढे पाय जास्त वेळा फिरवायचे, काम तेवढंच.

बरं, आता त्या २१ चं बघू. अशा सायकलींत पुढे बऱ्याचदा ४२-३४-२४ आणि मागे १४, १६, १८, २०, २२, २४, २८ असतात. भागाकार करत बसा, मी दुपारी चहा गार होईपर्यंत बसलो होतो. ४२ भागिले २८ दीड, २४ भागिले १६ पण दीडच! ३४/२० म्हणजे १.७, २४/१४ म्हणजे १.७१, ४२/२४ म्हणजे १.७५, पायाला तिन्ही सारखेच. असे जुळे-तिळे काढले की उरतात तेरा, त्यातही काहींत चेन इतकी तिरकी जाते की करकरते. उलट पुढे एकच ३२ चं चक्र आणि मागे ११ ते ४२ दात्यांची नऊ चक्रांची कॅसेट (म्हणजे चक्रांचा संच) घेतली तर सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या गिअरमध्ये ३.८ पट फरक मिळतो. २१ वाल्यात तो साडेतीन पटच. म्हणजे आकडा मोठा, पल्ला छोटा.

डबल सस्पेन्शनचं, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडच्या स्प्रिंगांचं, थोडक्यात सांगतो. नुसती स्प्रिंग दणका साठवते आणि परत फेकते, तो जिरवायला तेलाचा डॅम्पर लागतो आणि बारा हजारात तो बसत नाही. वर मागची स्प्रिंग प्रत्येक पायडलला दबते, तुमचा जोर तिथेच मुरतो आणि वजन वाढतं ते वेगळंच. त्यापेक्षा मागून कडक फ्रेम, दोन इंचाच्या आसपासचे टायर, आणि टेकडीवर हवा थोडी कमी. मेकॅनिकल, म्हणजे तारेने ओढले जाणारे, डिस्क ब्रेक चालतील. नव्या सायकलला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनी निदान ती चाकापासून लांब बांधावी, आमच्या शेजाऱ्याची स्पोकमध्ये गेली आणि नजर लागायच्या आधी तोच पडला.

भाचा खरंच दुकानात जाऊन मागे वाकून दाते मोजत बसला. दुकानदार म्हणाला, "काय रे, डेंटिस्ट होणारेस का?" शेवटी एकोणीस हजारांची नऊ गिअरची घेतली, घरी अजून बारा हजारच सांगितलंय.