भांडण मिटवणारं मूत

‘एक नर, एक मादी घेऊन जा, झाली जोडी,’ असं मासे विकणारे सर्रास सांगतात. गप्पी, मॉलीला हा हिशेब चालतो. सिक्लिड कुळातल्या मोठ्या शिकारी माशांना लावला, तर बऱ्याचदा सकाळी मेलेली मादी उचलावी लागते. काही वेळा तर महिनोन्‌महिने गुण्यागोविंदाने नांदणारी जोडीच अचानक एकमेकांवर उठते, आणि तेही टँक धुऊन स्वच्छ पाणी भरलं त्याच दिवशी. या दुसऱ्या कोड्याचं उत्तर माशांच्या मुतात आहे.

होंडुरास, निकाराग्वा आणि कोस्टा रिकातल्या नद्या-तळ्यांत राहणारा ‘डोवी’ हा सिक्लिड घ्या. तिथे त्याला ग्वापोते म्हणतात. नर ७० सेंमीपर्यंत वाढतो, मादी बरीच लहान राहते. दोघं मिळून अंडी आणि पिल्लं राखतात, त्यामुळे जोडी जमण्याआधी नर मादीला चांगलंच पारखून घेतो: कल्ले फुगवणं, शेपटीचे फटकारे, तोंडात तोंड अडकवून ओढाताण. तळ्यात न पटलेली मादी निघून जाते. काचेच्या सहा फुटांत जाणार कुठे? ती समोरच दिसत राहते आणि नर मारत राहतो.

आता मुताकडे वळू. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरात परासरणाने सतत पाणी शिरतं आणि मूत्रपिंडं ते सतत बाहेर टाकतात. म्हणजे निरोप धाडायला मूत हे फुकटचं, कधीही न संपणारं माध्यम झालं. यावर सर्वांत बारकाईने काम झालंय ते मोझांबिक तिलापियावर. भारतात १९५२ साली आणलेला आणि आपल्या धरणांवर ‘चिलापी’ म्हणून विकला जाणारा हा मासाही सिक्लिडच. वरचढ नराचं मूत्राशय मोठं आणि स्नायूंनी जाड झालेलं असतं. तो मूत साठवून ठेवतो आणि प्रतिस्पर्ध्यासमोर थोडं थोडं, पिचकारीसारखं सोडतो. हार मानलेला नर ते सोडणं थांबवतो. संशोधकांनी नरांना मूत सोडताच येणार नाही अशी व्यवस्था केली, तेव्हा मारामाऱ्या जास्त चिघळल्या. वास पोचला की समोरच्याला ताकदीचा अंदाज येतो आणि पुष्कळ भांडणं दात न लावताच मिटतात.

हा वास घेणारं नाकही बघण्यासारखं आहे. बहुतेक माशांना दर बाजूला दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडांना एकच. त्याच छिद्रातून पाणी आत ओढलं जातं आणि बाहेर ढकललं जातं.

नराच्या मुतात मादीसाठीही मजकूर असतो. तिलापियात त्यातले मुख्य रेणू सापडले आहेत: प्रेग्नेनट्रायॉल या स्टेरॉइडला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून बनलेली संयुगं. स्टेरॉइड एरवी पाण्यात नीट विरघळत नाही, हे आम्ल जोडलं की विरघळतं. रेणू मादीच्या नाकातल्या ग्राहींना चिकटतो, संदेश मेंदूकडे जातो आणि अंडी पक्व करणाऱ्या संप्रेरकाची पातळी वाढते. नर नुसता पाण्यात मुतून मादीच्या अंडाशयापर्यंत पोचतो!

एंजलफिश हाही सिक्लिड. त्याच्या टँकमधलं पाणी बदलल्यावर हल्ले वाढलेले प्रयोगात दिसले आहेत. ठरलेला मानपान पाण्याबरोबर वाहून गेला, आता पुन्हा पहिल्यापासून. पण पाणी न बदलून भागत नाही. मांसाहारी माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया भरपूर येतो, फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि ते साठत जातं. म्हणून एकदम अर्ध्याहून जास्त उपसण्यापेक्षा थोडं थोडं, पण वरचेवर बदलावं.

जोडी लावतानाही टँकच्या मधोमध अख्खी काच घालण्याऐवजी भोकांची जाळी घालावी. काचेतून नुसतं रूप दिसतं, जाळीतून वासही जातो. जाळीला एक फट अशी ठेवायची की मादी जाईल, नर अडेल. सहा-सात पिल्लं एकत्र वाढवून त्यांची त्यांना जुळू देणं त्याहून चांगलं, फक्त उरलेल्यांची सोय आधी करा.

  

डोवीची मादी अंडी घातल्यावर मात्र चित्र पालटवते. पिवळीधमक होऊन ती दुप्पट आकाराच्या नरालाही कोपऱ्यात रेटते. दोघांच्या मधे घालायची ती भोकांची जाळी आपल्या हातात तयार हवी, कारण पिल्लं पोहू लागली की नर पुन्हा अंडी घालायची घाई करतो आणि मादी तयार नसली तर पहिल्या दिवसाची मारामारी परत सुरू होते.